सोळा मिलिसेकंदांचं देखणेपण

स्क्रीनशॉट बघून लिनक्सची डिस्ट्रो, म्हणजे लिनक्स आणि त्यासोबतच्या प्रोग्रामांचा तयार संच, निवडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. दिवसातले आठ-दहा तास ज्या पडद्याकडे बघत बसायचं तो डोळ्यांना सुखावणारा असावा, ही मागणी रास्तच आहे. ‘कामाशी मतलब ठेवा, दिसण्याचं काय एवढं’ असं ठणकावून सांगणारे जुने लिनक्सवाले अधूनमधून भेटतात. त्यांच्या जाणकारीबद्दल मला आदर आहे, पण हे म्हणणं मला कधी पटलं नाही. अक्षरांभोवती सोडलेली मोकळी जागा, विंडोच्या कडेला पडणारी मऊ सावली, एकमेकांशी मेळ खाणारे आयकॉन, रात्री डोळ्यांत न खुपणारी गडद पार्श्वभूमी, या सगळ्याचा कामावर परिणाम होतो. नीटनेटक्या पडद्यासमोर माणूस जास्त वेळ टिकतो आणि कमी चिडतो, असा माझा तरी अनुभव आहे.

माझी तक्रार आहे ती फक्त स्क्रीनशॉटबद्दल. तो हलत नाही. डेस्कटॉप मात्र सतत हलत असतो. विंडो उघडते, मिटते, सरकते, पान वर-खाली होतं, मेनू उलगडतो, एका वर्कस्पेसवरून, म्हणजे विंडोंच्या एका मांडणीवरून, दुसऱ्यावर जाताना अख्खा पडदा बाजूला सरकतो. चित्रात अप्रतिम दिसणारा डेस्कटॉप प्रत्यक्षात अडखळत, लुकलुकत चालत असेल तर त्याचं रूप चार दिवसांत नकोसं होतं. उलट एखादा जुन्या वळणाचा, साधा डेस्कटॉप हाताबरोबर सफाईनं सरकत असेल तर तो हवाहवासा वाटू लागतो. देखणेपणाचा निम्मा भाग डिझायनरच्या हातात असतो. उरलेला निम्मा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला कामाला लावणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात असतो, आणि तो स्क्रीनशॉटमध्ये कधीच दिसत नाही.

माझ्या भाचीनं मध्यंतरी नवा लॅपटॉप घेतला. ती चित्रं काढते, थोडं थ्रीडी अ‍ॅनिमेशन करते. लिनक्सवर यायचं तिनं मनावर घेतलं आणि मला डेस्कटॉपच्या चित्रांचा एक गठ्ठाच पाठवला. कुठे धूसर काचेची पॅनेलं, कुठे तळाशी गोल आयकॉनची रांग, कुठे काळ्या पार्श्वभूमीवर झळकणारं, हुकूम टाइप करायचं टर्मिनल. खाली प्रश्न होता, "मामा, यातलं सगळ्यात छान कुठलं? आणि माझं ग्राफिक्स कार्ड त्यावर चालेल ना?"

तिच्या लेखी हे दोन प्रश्न होते. मला तो एकच वाटतो, आणि त्याची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. मी तिला कळवलं, "अगं, आधी कार्ड कुठलं ते सांग. चित्रं मग बघू."

साध्या पडद्याचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ असतो, म्हणजे त्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्यानं रंगवलं जातं. दोन चित्रांमधलं अंतर १६.७ मिलिसेकंद. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तेच जेमतेम ६.९. माउसनं विंडो धरून ओढली की एवढ्याशा वेळात काय काय उरकायचं असतं ते जवळून बघण्यासारखं आहे. अ‍ॅप आपल्या विंडोचा मजकूर मेमरीतल्या एका बफरमध्ये रंगवून ठेवतं. कंपोझिटर नावाचा प्रोग्राम सगळ्या विंडोंचे बफर गोळा करतो, कोण वर आणि कोण खाली ते ठरवतो, सावल्या टाकतो, कोपरे गोल करतो आणि पूर्ण पडद्याचं एक चित्र जुळवतो. हे काम कार्डाकडून करून घ्यायचं तर कार्डाला समजतील अशा हुकमांत ते उतरवावं लागतं. बहुतेक कार्डांसाठी मेसा ही लायब्ररी ते करते. लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, ड्रायव्हर ते हुकूम कार्डापर्यंत पोचवतो, आणि पडदा नव्यानं रंगायला लागण्याच्या नेमक्या क्षणी जुनं चित्र काढून नवं पुढे करतो.

या साखळीत कुणीही रेंगाळलं की ती फ्रेम हुकते आणि जुनंच चित्र आणखी १६.७ मिलिसेकंद तसंच राहतं. एखादी फ्रेम हुकली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पण दर सेकंदाला पाच-सहा हुकल्या की विंडो कर्सरच्या मागे फरफटते आणि हाताला ते लगेच कळतं. चित्रांची अदलाबदल भलत्याच क्षणी झाली तर पडद्याच्या वरच्या भागात नवं चित्र, खालच्या भागात जुनं आणि मधे आडवी चीर. यालाच टेअरिंग म्हणतात. स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत मोहक दिसणारी ती धूसर काच तर कार्डाला बऱ्यापैकी महाग पडते, कारण तिच्या मागचा प्रत्येक बिंदू आजूबाजूच्या बिंदूंमध्ये मिसळून पुन्हा काढावा लागतो. लॅपटॉप बॅटरीवर असताना हा खर्च जाणवतो.

हे नातं मला पहिल्यांदा नीट उमगलं ते कॉम्पिझच्या काळात. नॉव्हेलमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड रेव्हमन यांनी लिहिलेला हा कंपोझिटर २००६ साली लोकांसमोर आला. चार वर्कस्पेस एका घनाच्या चार बाजूंना चिकटवलेले आणि तो घन माउसनं गरगर फिरवायचा! विंडो ओढली की ती लवचीकपणे हेलकावे खायची. बघणारा थक्क होऊन जायचा. त्याच वर्षी त्यातून बेरिल फुटून निघालं, २००७ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले, आणि या सगळ्या काळात लिनक्सवाल्यांच्या गप्पांमध्ये एक प्रश्न कायम असायचा, ‘तुझ्या कार्डावर चालतं का?’ घन फिरवायला थ्रीडी प्रवेग (त्रिमिती चित्रं कार्डाकडून वेगानं काढून घेण्याची सोय) लागायचा, प्रवेगासाठी चांगला ड्रायव्हर लागायचा, आणि तो सगळ्यांच्या नशिबी नसायचा. त्या वेळी एनव्हिडिया या कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा बंदिस्त, म्हणजे कोड उघड न केलेला, ड्रायव्हर बसवला की काम व्हायचं. एटीआय या दुसऱ्या कंपनीच्या कार्डवाल्यांचे मात्र हाल असायचे.

पुढच्या वीस वर्षांत हे चित्र पार उलटं झालं, आणि ते कसं झालं हे डिस्ट्रो निवडणाऱ्यानं माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. एएमडीनं २००६ मध्ये एटीआय विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी जाहीर केलं की कार्डांची माहिती खुली करू, मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, ड्रायव्हरला हातभार लावू. लगेच चमत्कार झाला नाही. पण २०१५ मध्ये कर्नलच्या ४.२ आवृत्तीत एएमडीजीपीयू हा नवा ड्रायव्हर आला, आणि तिथून कार्ड बसवायचं, मशीन चालू करायचं आणि कामाला लागायचं, असे दिवस आले. थ्रीडी चित्रं काढण्याच्या व्हल्कन या पद्धतीसाठीचा आरएडीव्ही हा ड्रायव्हर २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या लोकांनी लिहायला घेतला. तो इतका सरस निघाला की २०२५ मध्ये एएमडीनं स्वतःचा एएमडीव्हीएलके हा मुक्त ड्रायव्हर थांबवला आणि आरएडीव्हीच्याच पाठीशी उभं राहायचं ठरवलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. व्हॉल्व्ह या गेमच्या कंपनीनं २०२२ मध्ये स्टीम डेक बाजारात आणलं तेव्हा त्यात एएमडीची चिप, आर्च या डिस्ट्रोवर बांधलेली स्टीमओएस आणि केडीई प्लाझ्मा डेस्कटॉप होता. हातात धरून खेळायचं यंत्र मुक्त ड्रायव्हरच्या भरवशावर विकायला काढण्याइतका तो ड्रायव्हर पक्का झाला होता.

एएमडीतही सगळं आलबेल नाही. कार्ड नवंकोरं असेल तर त्याला ओळखणारा कर्नल आणि मेसा तितकेच नवे लागतात. आणि पडदा जोडण्याच्या एचडीएमआय २.१ या मानकाचा मुक्त ड्रायव्हर एएमडीनं तयार केला असताना ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमनं २०२४ मध्ये तो प्रसिद्ध करायला नकार दिला. ज्यांना फोर-के पडदा १२० हर्ट्झवर पूर्ण रंगांत चालवायचा आहे त्यांनी शक्य असेल तिथे डिस्प्लेपोर्टची केबल वापरावी, असं मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

इंटेलबद्दल फार लिहायला नको. तिचे ड्रायव्हर पहिल्यापासून कर्नलमध्येच राहत आले, आणि अंगच्या, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या, ग्राफिक्सवर डेस्कटॉप चालवणाऱ्याला सहसा काहीच करावं लागत नाही. नव्या आर्क कार्डांसाठी कर्नल ताजा ठेवा, एवढं पुरे.

एनव्हिडियाची कथा लांबलचक आहे. मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कंपनीनं वर्षानुवर्षं माहिती दिली नाही, म्हणून त्यांनी कार्डाचं वागणं निरखून नूव्हो हा ड्रायव्हर घडवला. २०१० मध्ये तो कर्नलमध्ये आला. ही किती कष्टाची कामगिरी होती हे समजून घेतलं की नूव्होला ‘हळू’ म्हणून मोडीत काढवत नाही. पुढे तर कार्डाचा वेग वाढवण्यासाठी कंपनीची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) लागू लागलं आणि नूव्होचे हात बांधले गेले. ९०० मालिकेची कार्डं त्यावर कमी वेगातच अडकून पडली. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी व्यासपीठावरून या कंपनीवर जाहीर संताप काढला तो तिच्या या असहकारामुळेच. वेलंड, म्हणजे अ‍ॅपनं रंगवलेलं चित्र कंपोझिटरकडे पोचवण्याची नवी पद्धत, हिच्या बाबतीतही तेच झालं. बाकी सगळे जीबीएम या पद्धतीनं बफर देत-घेत असताना एनव्हिडिया आपल्या वेगळ्या पद्धतीवर अडून बसली, आणि २०२१ च्या ४९५ मालिकेत तिनं जीबीएम स्वीकारलं. २०२२ मध्ये ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी तिनं कर्नलमधला भाग मुक्त केला. त्यावरचा ओपनजीएल आणि व्हल्कनचा, म्हणजे चित्र काढण्याचा, भाग अजून बंदिस्तच आहे. २०२४ मध्ये ५५५ मालिकेत एक्सप्लिसिट सिंक आलं आणि वेलंडवरचं ते जीवघेणं लुकलुकणं, आधीच्या फ्रेमचे तुकडे मधेच दिसणं, थांबलं. रंगवून पूर्ण झालेला बफर कुठला आणि अजून अर्धवट असलेला कुठला हे अ‍ॅप, कंपोझिटर आणि ड्रायव्हर एकमेकांना आता स्पष्ट सांगतात. पूर्वी ते गृहीत धरलं जायचं. ५५५ च्या आधी ‘वेलंडवर एनव्हिडिया नको’ असं म्हणणारे बरोबर होते. आज तोच सल्ला डोळे मिटून पुढे ढकलू नये.

आता डिस्ट्रो. ग्नोम आणि प्लाझ्मा हे लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप. ग्नोम सगळीकडचं ग्नोमच, प्लाझ्मा सगळीकडचा प्लाझ्माच. मग उबुंटू, फेडोरा, मिंट, आर्च, डेबियन यांत फरक काय? दिसण्याच्या बाबतीत फरक थोडा आहे. खरा फरक आहे तो कर्नल किती ताजा, मेसा किती ताजी, बंदिस्त ड्रायव्हर कोण बांधतं, कोण त्यावर सही करतं, आणि कर्नल बदलला की ती मोट पुन्हा कोण बांधतं, यात. डिस्ट्रो म्हणजे या निर्णयांची जबाबदारी घेणारी माणसं.

सही हा शब्द मी सहज वापरला, पण इथेच अनेक जण अडतात. सिक्युअर बूट, म्हणजे मशीन चालू होताना सह्या तपासणारी सोय, चालू असेल तर कर्नल सही नसलेलं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) आत घेत नाही. ड्रायव्हर इन्स्टॉल झाल्याचा संदेश येतो, मशीन पुन्हा चालू होतं, आणि कार्ड मात्र वापरात येत नाही. उबुंटू आपल्या कर्नलसाठी एनव्हिडियाची मॉड्यूलं आधीच बांधून, सही करून देते, त्यामुळे तिथे हा त्रास कमी. फेडोरात ड्रायव्हर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या भांडारातून येतो आणि तुमच्याच मशीनवर बांधला जातो. ४१ व्या आवृत्तीपासून सॉफ्टवेअर अ‍ॅपमधूनच तो बसवता येतो आणि सहीची किल्ली नोंदवायचीही सोय होते. तेव्हा पुढच्या बूटला एक निळा पडदा येतो, त्यावर किल्ली नोंदवायची आणि मघाशी ठरवलेला पासवर्ड टाकायचा असतो. नवखा माणूस तो निळा पडदा बघून दचकतो आणि एंटर मारून पुढे जातो. भाचीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, "निळा पडदा दिसला की घाबरू नकोस, तो आपल्याच कामाचा आहे."

ही मोट सुटली की काय होतं ते मी माझ्याच मशीनवर अनुभवलं आहे. एका सकाळी अपडेटमध्ये नवा कर्नल आला, आणि ड्रायव्हरचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी बांधलंच गेलं नाही. लॉगिनच्या जागी काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक आडवी रेघ. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ दाबल्यावर अक्षरांचं टर्मिनल उघडलं, म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त त्याला चित्र काढता येत नव्हतं. बूटच्या वेळी ग्रब या बूट-मेनूच्या यादीत खाली जाऊन आधीचा कर्नल निवडला तसा डेस्कटॉप जसाच्या तसा परत आला. तोच वॉलपेपर, तेच आयकॉन, आदल्या रात्री मोठ्या आवडीनं निवडलेला तोच रंग. चूक कुणा एकाची नव्हती. कर्नल एका वाटेनं आला, ड्रायव्हर दुसऱ्या वाटेनं, आणि दोघांची गाठ घालून देणारा टप्पा अर्ध्यावर फसला. तेव्हापासून कुठल्याही डिस्ट्रोकडे बघताना माझा पहिला प्रश्न हाच असतो की कर्नल आणि ड्रायव्हर एकत्र तपासून मग माझ्यापर्यंत येतात का. पॉप ओएस एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) देते, बझाइट तर ड्रायव्हरसकट पूर्ण सिस्टमची प्रतिमाच एकसंध पाठवते आणि बिघडलं तर आधीच्या प्रतिमेवर परत जाता येतं. या कल्पनेचं मला मोठं कौतुक आहे.

एवढं झाल्यावर चित्रं बघायला बसायचं. आणि मग मन लावून बघायचं.

ग्नोमचं देखणेपण संयमाचं आहे. वर एक पट्टी, बाकी मोकळं. टचपॅडवर तीन बोटं सरकवली की वर्कस्पेस बोटांबरोबर, बोटांच्याच वेगानं सरकतात. अर्ध्यावर थांबलात तर तेही अर्ध्यावर थांबतात. हे एकदा हातात बसलं की दुसरीकडे चुकल्यासारखं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ४८ व्या आवृत्तीत ट्रिपल बफरिंग (दोनाऐवजी तीन बफर हाताशी ठेवणं) आलं, आणि अंगच्या ग्राफिक्सवरची हुकलेल्या फ्रेमची तक्रार बरीच निवळली. उबुंटूनं मात्र तो बदल आपल्या डेस्कटॉपमध्ये आधीपासूनच घेतला होता, आणि डिस्ट्रोगणिक फरक पडतो तो असा. ग्नोमचं मला न आवडणारं एकच आहे: ज्यांना ते आहे तसं आवडत नाही, ते दहा एक्स्टेन्शन लावून त्याला दुसरंच काही बनवू बघतात, आणि सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की त्यातली निम्मी बंद पडतात. ग्नोम आवडलं तर आहे तसं घ्यावं.

ज्याला मनासारखं करून घ्यायचं आहे त्यानं प्लाझ्मा घ्यावा. पॅनेल वर, खाली, बाजूला, तरंगतं, हवं तसं. कॉम्पिझच्या दिवसांची आठवण असणाऱ्यांसाठी २०२४ च्या सहाव्या प्लाझ्मात तो घनही परत आला. पण मला प्लाझ्मा आवडतो तो वेगळ्या कारणासाठी. पडद्याचं आयसीसी रंगप्रोफाइल (रंग अचूक दाखवण्यासाठीची फाइल) वेलंडवर लावता येतं, पेन टॅब्लेटचा कुठला भाग पडद्याच्या कुठल्या भागाशी जुळवायचा ते सेटिंगमध्ये ठरवता येतं, आणि १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग नीट चालतं.

हे स्केलिंगचं प्रकरण सौंदर्याच्या चर्चेत कुणी काढत नाही, आणि माझ्या मते ते थीमपेक्षा मोठं आहे. चौदा इंची पडद्यावर दाट पिक्सेल असतील तर शंभर टक्क्यांवर अक्षर बारीक दिसतं, दोनशेवर अवाढव्य. मधला आकडा निवडला की वेलंडच्या आधीच्या, जुन्या एक्स (एक्स-११) पद्धतीवर चालणारी अ‍ॅप बऱ्याचदा लहान आकारात रंगवून मग ताणली जातात. देवनागरी वाचणाऱ्याला ते ताबडतोब दिसतं. शिरोरेषा एका पिक्सेलवर नेमकी बसायच्या ऐवजी दोन पिक्सेलांत पातळ, राखाडी होऊन पसरते, आणि अख्खी ओळ धुरकट वाटते. डेस्कटॉप पसंत करण्याआधी तुम्ही रोज वाचता त्या लिपीतलं एक पान उघडावं, स्केलिंग तुमच्या पडद्याला लागेल तेवढं करावं आणि दोन मिनिटं नुसतं वाचावं. त्या दोन मिनिटांत जे कळतं ते शंभर स्क्रीनशॉट बघून कळत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. लिनक्स मिंटचं सिनॅमन जुन्या वळणाचं आहे, पण नेटकं. मशीन फार नवं नसेल तर त्याच्याइतकं शांत दुसरं नाही. एलिमेंटरी ओएसच्या चित्रांवर मी आजही थांबतो, इतकी त्यांची नजर बारीक आहे. झोरिन पहिल्या दिवसापासून सुबक दिसते. पॉप ओएसवाल्या सिस्टम७६ कंपनीनं रस्ट या भाषेत नव्यानं लिहिलेला कॉस्मिक डेस्कटॉप २०२५ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण आवृत्ती म्हणून आला. त्याची विंडो आपोआप शेजारी-शेजारी लावण्याची पद्धत मला फार भावली. त्याच्या बारीकसारीक कडा अजून घासून गुळगुळीत व्हायच्या आहेत, पण त्यांनी केवढं धाडस केलं आहे!

बाहेरून आणलेल्या थीमबद्दल माझं मत कठोर आहे. आयकॉन बदला, रंग बदला, फॉन्ट बदला. पण सगळ्या अ‍ॅपचं रूप बदलणारी थीम चढवली की कुठेतरी पांढऱ्यावर पांढरी अक्षरं येतात, कुठे बटण अर्धं कापलं जातं. ग्नोमच्या काही अ‍ॅप विकासकांनी २०१९ मध्ये डिस्ट्रोंना उघड पत्र लिहून आमच्या अ‍ॅपना थीम लावू नका अशी विनंती केली होती, तेव्हा बरेच लोक रागावले. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. मुळातच जे रूप आवडतं ते देणारी डिस्ट्रो घेतली तर हा खटाटोप लागत नाही.

लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून, आधी बघून घ्या असं सगळेच सांगतात, आणि मीही सांगतो, पण एक पुस्ती जोडून. एनव्हिडिया असेल तर लाइव्ह यूएसबीवर बहुतेक वेळा नूव्हो चालत असतो, त्यामुळे तिथे दिसलेला संथपणा खरा मानू नये आणि तिथली सफाईही नंतर टिकेलच असं धरू नये. टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ (glxinfo) चालवून रेंडरर, म्हणजे चित्र काढणारा, कोण आहे ती ओळ वाचावी. तिथे कार्डाचं नाव आलं तर ठीक. ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) असं आलं तर कार्ड स्वस्थ बसलंय आणि सगळी चित्रं प्रोसेसर एकटा काढतोय. पंखा का घोंघावतोय, व्हिडिओ का अडकतोय, याचं उत्तर त्या एका ओळीत सापडतं. फेडोरात व्हिडिओचं आणखी एक कारण असतं. पेटंटच्या भीतीनं २०२२ पासून मेसातून एच.२६४ सारख्या व्हिडिओंचं कार्डावरचं डिकोडिंग काढलेलं आहे, आणि ते आरपीएम फ्यूजनमधून वेगळं बसवावं लागतं. फेडोरावर माझा जीव आहे, तरी ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

भाचीच्या लॅपटॉपमध्ये एएमडीचं अंगचं ग्राफिक्स आणि एनव्हिडियाचं ४० मालिकेचं कार्ड, अशी जोडी निघाली. अशा मशीनवर डेस्कटॉप अंगच्या ग्राफिक्सवर चालू द्यावा आणि जड काम तेवढं मोठ्या कार्डाकडे सोपवावं, बॅटरीही वाचते. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये रेंडर करायचं म्हणजे बंदिस्त ड्रायव्हर आलाच. रंगांशी काम म्हणजे प्लाझ्मा. कार्ड नवं म्हणजे ताजा कर्नल. एवढं जुळवल्यावर फेडोराची केडीई, म्हणजे प्लाझ्माची, आवृत्ती समोर उरली. २०२५ च्या ४२ व्या आवृत्तीपासून फेडोरानं तिला ग्नोमच्या बरोबरीचा मान दिला आहे. कुबुंटूवरही, म्हणजे प्लाझ्मावाल्या उबुंटूवरही, भाचीचं भागलं असतं. तिनं पाठवलेल्या चित्रांतली धूसर पॅनेलं तिनं आपल्या हातानं लावून घेतली. थोड्या दिवसांनी फोनवर म्हणाली, "मामा, पेन टेकवल्यावर रेघ लगेच उमटते रे." वॉलपेपरबद्दल ती काहीच बोलली नाही.

माझ्या स्वतःच्या जुन्या डेस्कटॉपचा निर्णय वेगळा झाला. त्यात पास्कल पिढीचं एनव्हिडिया कार्ड आहे. मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांच्या कार्डांना चालवणारी शेवटची ड्रायव्हर मालिका ५८०. डिसेंबर २०२५ मध्ये आलेल्या ५९० नं ही कार्डं सोडली. कर्नलचा मुक्त भागही ट्युरिंगपासून पुढच्यांसाठी, म्हणजे तिकडूनही मदत नाही. आर्चनं त्याच महिन्यात आपलं मुख्य पॅकेज ५९० वर नेलं आणि जुन्या कार्डवाल्यांना ५८० चं पॅकेज बाहेरून घ्यायला सांगितलं. आर्चचा तो स्वभावच आहे, त्यात लपवाछपवी नाही. पण माझ्या कार्डाला ती गती आता झेपणारी नाही. तिथे मी मिंट बसवलं. उबुंटूच्या २४.०४ दीर्घ मुदतीच्या पायावर ते उभं आहे, ५८० ड्रायव्हर मॅनेजरमध्येच मिळतो आणि सिनॅमन अजून एक्स-११ वर आरामात चालतं. ही मालिका आटोपली की कार्ड बदलीन, आणि ते एएमडीचं असेल.